पेट्या उघडायच्या, की बांधूनच ठेवायच्या?

हिंगोली जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय २८, शिक्षण बी.ए., डी.एड.; पती सैन्यात नायक आहेत. लग्नाला सहा वर्षे झाली, पण पतीची नेमणूक सतत फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, असल्याने त्यांचा संसार सुट्टीपुरताच झाला. आता पलटण जालंधरला आली आहे, क्वार्टर मिळाले आहे, आणि साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन तीनेक वर्षांसाठी तिकडे जायचे आहे. त्या लिहितात : “ताई, सगळे म्हणतात नशीब काढलंस. मला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही. गावाजवळच्या खासगी शाळेत मी सात हजारांवर शिकवते. पगार काहीच नाही, पण पोरं मला बाई म्हणतात. जिल्हा परिषदेच्या भरतीचा अभ्यासही चालू आहे. तिथं गेल्यावर मी नुसती फौजीची बायको होईन. हिंदी मला धड बोलता येत नाही, लेकीची मराठी जाईल, आणि आत्याबाई (सासूबाई) घरी एकट्या पडतील. आमचे हे म्हणतात, तीन वर्षं कशीही निघून जातील. न जाण्याचं एखादं चांगलं कारण मला सांगाल का?”

प्रिय भगिनी,

तसे कारण मी सांगणार नाही, कारण माझ्या मते तुम्ही जावे. मात्र तुमच्या यजमानांचे ते एक वाक्य मला मान्य नाही. तीन वर्षे कशीही निघून जातात, हे खरेच आहे. माझी गेली आहेत, म्हणून सांगते. माझे पती सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर मी पाच ठिकाणी संसार मांडला. पहिले ठिकाण आसामातील तेजपूर होते. तिथे पोहोचल्यावर मी आठ महिने निम्म्या पेट्या उघडल्याच नाहीत. पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेल्या त्या काळ्या लोखंडी पेट्या मी भिंतीला लावून एकावर एक रचल्या, वर चादर टाकली आणि ‘जायचेच तर आहे’ असे म्हणत दिवस मोजत बसले. ब्रह्मपुत्रा गावाला लागून वाहते, पण मी ती नीट पाहिली ती परत निघण्याच्या आठवड्यात. त्या वर्षांबद्दल मला कोणी काही विचारले, तर सांगण्यासारखे माझ्याजवळ आजही फारसे नाही. जबलपूरला मात्र मी पहिल्याच दिवशी सगळ्या पेट्या रिकाम्या केल्या आणि तिथेच राहून एम.ए. पूर्ण केले. दोन्हीकडचे क्वार्टर सारखेच गळके होते, हे जाता जाता नमूद करते.

आता तुमच्या नोकरीकडे वळते, कारण पत्रातले खरे दुखणे तेच आहे आणि बाकीचे त्याच्या आडोशाने आले आहे, असे मला वाटते. ‘पोरं मला बाई म्हणतात’ हे वाक्य मी दोनदा वाचले. ते सोडून जाण्याचे दुःख होणारच, आणि ‘फौजीच्या बायकोला त्याग करावाच लागतो’ असे म्हणून मी ते झाकणार नाही. ‘त्याग’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्तात वाटला जातो, आणि वाटणाऱ्याला स्वतःचे काही सोडावे लागत नाही. तरीही तुम्ही नेमके काय सोडत आहात, हे हिशेब करून पाहा. जिल्हा परिषदेच्या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. ती पुढे जेव्हा निघेल, तेव्हा अर्ज जालंधरहूनही भरता येईल आणि परीक्षेपुरते महाराष्ट्रात येता येईल. गावात बसून वाट पाहिल्याने ती एक दिवसही लवकर येणार नाही. उद्या खरोखरच नियुक्तीचे पत्र हातात पडले, तर तेव्हाच्या परिस्थितीत घरी बसून पुन्हा विचार करा, आणि मला विचाराल तर ती नोकरी घ्या. पण जी अजून जाहीरही झालेली नाही, तिच्यासाठी आजचा एकत्र संसार गहाण टाकू नका.

जालंधरच्या छावणीत केंद्रीय विद्यालयही आहे आणि आर्मी पब्लिक स्कूलही आहे. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ मध्ये सुरू झाली, तीच मुळी बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांसाठी. सैन्याच्या शाळा चालवणारी संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. या शाळांना दर वर्षी ठरावीक मुदतीच्या करारावरही शिक्षक लागतात, आणि त्यांच्या मुलाखती बहुधा नवे सत्र सुरू होण्याआधी होतात. तिथे उभे राहायचे, तर केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे सीटीईटी, हाती असलेली बरी. पहिली ते पाचवीसाठीचा पहिला पेपर १५० गुणांचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, ६० टक्क्यांना उत्तीर्ण धरतात, आणि एकदा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. भाषेच्या दोन विभागांसाठी ज्या वीस भाषांतून निवड करता येते, त्यांत मराठीही आहे; म्हणजे ३० गुण तुमच्या घरचेच. बाकीचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत असतात, म्हणून गणित आणि परिसर अभ्यास यांची तयारी मात्र हिंदी पुस्तकांतून करा. हीच परीक्षा महाराष्ट्रातील भरतीतही ग्राह्य धरली जाते, त्यामुळे तिचा अभ्यास दोन्हीकडे कामी येईल. आर्मी पब्लिक स्कूलसाठी त्यांची स्वतंत्र चाळणी परीक्षा असते, तिच्या तारखांवर लक्ष ठेवा.

तुमच्या डी.एड.ला कोणी नाक मुरडत असेल, तर त्यांना एक गोष्ट ऐकवा. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल दिला. त्या वर्गांना तुमचीच पदविका लागते. आपल्या मराठवाड्यात डी.एड. झालेल्या मुलामुलींची इतकी वर्षे चेष्टा झाली आहे की, हे सांगताना मला थोडे बरे वाटते.

हिंदीची भीती मला समजते, पण ती तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. आपण मराठी मंडळी व्याकरण चुकेल म्हणून गप्प बसतो. तिथे तुमच्या शेजारी तमिळ, गढवाली, ओडिया घरे असतील आणि प्रत्येक जण आपापल्या वळणाची हिंदी बोलत असेल. पलटणीतील बायकांच्या वेलफेअर सभेत पहिल्याच खेपेला उभे राहून स्वतःची ओळख करून द्यायला सांगतात. तिथे ‘अमुक नायकांची पत्नी’ एवढे सांगून बसू नका. नाव सांगा, गाव सांगा, आणि मी प्राथमिक शिक्षिका आहे हे सांगा. या सभांमध्ये पतीचा हुद्दा बायकांच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचतो, हे मी लपवत नाही. साहेबांच्या पत्नीपुढे आवाज आपोआप खाली येतो. ती रीत मला कधी आवडली नाही आणि मी ती बदलूही शकले नाही. पण तुम्ही शिक्षिका आहात हे एकदा कळले, की तिसऱ्या दिवशी कोणी तरी आपल्या मुलाची गणिताची वही घेऊन दाराशी येईल, असे माझा अनुभव सांगतो. त्या वहीला नाही म्हणू नका. हिंदीतून शिकवण्याचा सराव तिथेच होईल. इंग्रजीला मात्र स्वतंत्र वेळ काढावा लागेल, कारण या शाळांत तिच्यावाचून अडते.

जालंधर तुमच्यासाठी परके आहे, हे मी अर्धेच मान्य करते. तुमच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्याच नामदेवांनी उत्तरायुष्याची सुमारे वीस वर्षे पंजाबात काढली, असे सांगतात, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानला त्यांचे स्थान आहे. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. जालंधरहून ब्यासमार्गे दिवसभरात जाऊन येता येते. तिथल्या माणसाला ‘मी नर्सीच्या बाजूची’ एवढे सांगून पाहा. गुरुमुखी अक्षरेही शिकून घ्या. देवनागरी येणाऱ्याला ती अवघड जात नाहीत, आणि आपल्या गावच्या संताची पदे तिथल्या लिपीत वाचता येणे, हे गावात राहून तुम्हाला सहसा साधले नसते. येण्याजाण्याची गाडीही आपलीच आहे. नांदेडची सचखंड एक्सप्रेस पूर्णा, परभणी करीत थेट जालंधरला जाते, आणि वाटेत काही स्थानकांवर प्रवाशांना लंगरही मिळतो. सोबत ज्वारीचे पीठ नेऊ नका, ज्वारीच न्या. आठ-पंधरा दिवसांत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग भाकरी थापताना उगाच गावाची आठवण येऊन रडू येते.

लेकीच्या मराठीची चिंता तुम्ही सोडली तरी चालेल, पण त्यासाठी घरात पती-पत्नींनी तिच्याशी मराठीतच बोलायचे, एवढे पथ्य पाळा. तिच्याशी हिंदीत बोलण्याचा मोह पहिल्या महिन्यातच होईल, कारण शेजारच्या बायकांसमोर मराठीची उगीच लाज वाटते. आत्याबाईंना रोज संध्याकाळी फोनवर तिच्याशी बोलू द्या. त्यात आजीचीही सोय आहे. केंद्रीय विद्यालयात पहिलीला सहा वर्षे पूर्ण लागतात, तेव्हा अजून घाई नाही. प्रवेशाचा अग्रक्रम लावताना तिथे पालकांच्या गेल्या सात वर्षांतील बदल्याही मोजतात. बदली हा जिथे गुण धरला जातो, असे दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.

राहिल्या आत्याबाई. तुम्ही गेल्याने त्या एकट्या पडतील, हे खरे आहे आणि याला गोड उत्तर नाही. पण त्यांच्या सोबतीचा सगळा भार सुनेवरच का, हा प्रश्न यजमानांना आणि त्यांच्या भावंडांना एकदा विचारून ठेवा, भांडून नव्हे. हळद शिजवून, वाळवून विक्रीला गेली, की त्यांना दोन महिने जालंधरला आणा. एप्रिलमधले तिथले हवामान त्यांना मानवेल. कडाक्याच्या थंडीत मात्र बोलावू नका. सैन्याच्या नोंदींत अवलंबित म्हणून त्यांचे नाव लागलेले असेल, तर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये त्यांची तपासणीही होऊ शकते; नसेल, तर पात्रतेची विचारणा यजमानांनी पलटणीच्या कार्यालयात आत्ताच करावी.

आणखी एक, आणि हे निघण्याआधीचे आहे. तुमच्या शाळेतून अनुभवाचे प्रमाणपत्र घ्या. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शिकवलेले वर्ग, विषय आणि शाळेचा शिक्का हवा. ‘पाठवून देतो, बाई’ असे उत्तर मिळेल. सात हजारांवर शिकवून घेणाऱ्यांना पुढे ते पाठवायची आठवण राहत नाही, म्हणून कागद हातात पडेपर्यंत कार्यालयातील खुर्चीवरून उठू नका. मूळ प्रती पेटीत टाकू नका, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. सामान ट्रकने गेले, तर ते तुमच्यानंतर आठ दिवसांनीही पोहोचू शकते, आणि मुलाखत तेवढी थांबणार नाही.

तुमची,
ताई