बचत खाते ऑनलाइन बँकेत उघडावे की घराजवळच्या सहकारी बँकेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहात, पगाराचे खाते कंपनीने उघडून दिले आहे, गाठीला दीड लाख रुपये जमले आहेत, आणि ते ठेवण्यासाठी मोबाइलवर पाच मिनिटांत उघडणारे, जाहिरातीत सात टक्के व्याज सांगणारे खाते घ्यावे की इंदिरानगरमधल्या घराजवळच्या सहकारी बँकेत जावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. दिंडोरीच्या द्राक्षबागेचे वडिलांचे पैसेही अधूनमधून याच खात्यावर येतील, असे आपण शेवटी जाता जाता लिहिले आहे. मला ते वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी सातपूरच्या एका लघुउद्योगात सतरा वर्षे हिशेबाचे काम पाहतो आहे. बँकेत नोकरी केलेली नाही, परंतु काउंटरच्या अलीकडच्या बाजूला बराच काळ उभा राहिलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की बचत खाते निवडताना व्याजदर सर्वांत शेवटी पाहावा आणि अडकलेला पैसा कोणाकडे जाऊन मागता येईल, हे सर्वांत आधी पाहावे.

तरीही सुरुवात व्याजापासूनच करतो, कारण आपले लक्ष तिथे आहे. बचत खात्याचा व्याजदर २५ ऑक्टोबर २०११ पासून बँका स्वतः ठरवतात. एक लाखापर्यंतच्या शिल्लकेवर मात्र प्रत्येक बँकेला सर्व खातेदारांना एकच दर द्यावा लागतो. त्यापुढे रकमेनुसार वेगवेगळे दर ठेवण्याची मुभा आहे. जाहिरातीतले सात टक्के बहुधा या वरच्या टप्प्यांतले असतात, आणि आपल्या दीड लाखापैकी मोठा भाग त्यांच्या खालीच राहतो. समजा, आपल्याला संपूर्ण रकमेवर पाच टक्के मिळाले आणि स्टेट बँकेसारख्या मोठ्या बँकेत जून २०२५ पासून असलेला अडीच टक्के दर आपण त्याच्याशी ताडून पाहिला, तर वर्षाचा फरक ३,७५० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ३१२ रुपये होतो. ही रक्कम नगण्य आहे असे मी म्हणणार नाही. पण जी रक्कम वर्षभर हलणारच नाही, ती बचत खात्यात ठेवण्याऐवजी मुदत ठेवीत टाकली तर हा फरक बहुतेक भरून निघतो आणि खाते कोणत्या बँकेत आहे याला व्याजापुरते फारसे महत्त्व उरत नाही.

आता ऑनलाइन बँक म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. निव्वळ मोबाइलवर चालणाऱ्या बँकेसाठी आपल्या देशात वेगळा परवानाच नाही. त्यामुळे या नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र वावरतात: मोठ्या खासगी बँकांची डिजिटल खाती, स्मॉल फायनान्स बँका, पेमेंट्स बँका आणि जी मुळात बँकच नाहीत अशी ॲप. शेवटच्या प्रकारात पैसे दुसऱ्याच एखाद्या बँकेत असतात आणि तिचे नाव पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. खाते घेण्यापूर्वी ते शोधावे, कारण आपले खरे नाते तिच्याशी असते. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, म्हणून आपल्या कामासाठी ती बादच समजा. स्मॉल फायनान्स बँका मात्र पूर्ण अर्थाने बँका आहेत, त्यांतील ठेवींना विमा आहे, आणि चढा दर बहुधा त्यांच्याकडेच मिळतो.

‘पाच मिनिटांत खाते’ यातही एक मेख आहे. केवळ आधारच्या ओटीपीवर उघडलेल्या खात्यात एक लाखापेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, एका आर्थिक वर्षात दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम जमा करता येत नाही, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी, म्हणजे ओळख व पत्त्याची पडताळणी, न केल्यास ते बंद होते. म्हणजे आपले दीड लाख पहिल्याच दिवशी त्यात मावणार नाहीत. बँकेच्या कर्मचाऱ्याशी व्हिडिओ कॉलवर होणारी व्हिडिओ केवायसी करून घेतली, तर हे बंधन राहत नाही. रिझर्व्ह बँकेने तिला जानेवारी २०२० मध्ये परवानगी दिली आहे. तेव्हा खाते घेतलेच, तर दुसऱ्या कोणत्याही कामाआधी ती पूर्ण करावी.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी असेच एक खाते मोबाइलवर उघडले होते आणि वर्षभर त्याची सेवा अत्यंत चोख होती, इतकी की मी दोन सहकाऱ्यांनाही ते उघडायला लावले. नंतर जुना लॅपटॉप विकला, घेणाऱ्याने यूपीआयने पैसे दिले, आणि पंधरा दिवसांनी खाते गोठले. घेणाऱ्याच्या खात्यात आलेल्या कुठल्याशा रकमेबद्दल दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडे तक्रार होती आणि त्या साखळीत माझेही खाते आले होते. यात बँकेने चूक केली असे नाही. पोलिसांची सूचना तिला पाळावीच लागते. पण कोणत्या पोलीस ठाण्याची सूचना, किती रकमेसाठी, तिचा क्रमांक काय, एवढी साधी माहिती मिळवायला मला तेवीस दिवस लागले. ॲपमधला यंत्रमानव दरवेळी दिलगिरी व्यक्त करी. त्याच बँकेची शाखा नाशिकमध्ये होती, तिथे गेलो, तर ‘हे खाते आमच्या शाखेचे नाही’ असे उत्तर मिळाले. पुढे तसाच प्रसंग आमच्या कारखान्यातल्या एका फिटरवर आला. त्याचे खाते घराजवळच्या सहकारी बँकेत होते. व्यवस्थापकांनी त्याला समोर बसवून सूचनेची प्रत दिली, अर्ज कसा लिहायचा ते सांगितले, आणि वादातली रक्कम सोडून बाकीची रक्कम वापरता यावी म्हणून पाठपुरावा केला. पैसे सुटायला वेळ त्यालाही लागला, पण त्या काळात त्याला नीट झोप येत होती.

मात्र एवढ्यावरून जवळची ती सुरक्षित असा निष्कर्ष आपण काढाल, तर ती मोठी चूक ठरेल. माझ्या मामांनी निवृत्तीची बरीच रक्कम पंचवटीतल्या ओळखीच्या पतसंस्थेत ठेवली होती. अध्यक्ष शेजारचे, कर्मचारी गल्लीतले, पासबुकही अगदी बँकेसारखे. संस्था डबघाईला आली तेव्हा त्यांना कळले की पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पतसंस्था ही बँक नव्हे, आणि फलक वाचताना हा शब्द नेमका हेरावा.

सहकारी बँकेची गोष्ट वेगळी आहे. नाशिककरांना नामको (नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँक) हिच्यासारख्या बँका पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाच्या आहेत. नामकोची स्थापनाच १९५९ सालची. नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिच्या ठेवींना विमा असतो, म्हणजे बुडीत जाण्याच्या प्रश्नापुरते तिचे आणि ऑनलाइन बँकेचे संरक्षण सारखेच आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपये आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि त्याच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतली बचत, मुदत व आवर्ती खाती एकत्र धरली जातात. पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ती बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि ज्यांची रक्कम विम्याच्या मर्यादेपलीकडची होती त्यांना ती टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत देण्याचे ठरले. ठेव विम्याच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली आहे. पण नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, आणि तीन महिन्यांचे घरभाडे व किराणा कोठून भरायचा, याचे उत्तर विमा देत नाही. म्हणून सर्व पैसा एकाच बँकेत नसावा. ती ऑनलाइन असो की कोपऱ्यावरची.

ऑनलाइन बाजूलाही नियामकाचा बडगा बसतो, हे लक्षात असू द्यावे. २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने तंत्रज्ञान व्यवस्थेतील त्रुटींमुळे कोटक महिंद्रा बँकेला मोबाइल व इंटरनेटवरून नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठवली. जुन्या खातेदारांचे पैसे अडकले नाहीत. तरी आकाराने मोठ्या बँकेचीही यंत्रणा तपासावी लागते, हे त्यातून दिसले.

आता वडिलांच्या पैशाविषयी. द्राक्षाचा व्यापारी कधी आरटीजीएसने थेट खात्यात पैसे पाठवतो, कधी चेक देतो, कधी रोख हातावर ठेवतो. (नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तेव्हा आपल्या जिल्ह्याने रोखीला अगदी परके मानावे हेही बरे दिसत नाही.) शाखा नसलेल्या बँकेत चेक आणि रोख कोठे भरायची, हा प्रश्न हंगामात दर आठवड्याला उभा राहील, आणि त्या वेळी सात टक्क्यांचा काही उपयोग होणार नाही. शिवाय मोठी रोख भरताना पॅन द्यावा लागतो, आणि वर्षभरात बचत खात्यांत दहा लाख किंवा अधिक रोख जमा झाल्यास बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. शेतीच्या उत्पन्नावर कर नसला, तरी वडिलांचे पैसे आपल्या नावावर का आले, हे आपल्यालाच समजावून सांगत बसावे लागेल. त्यांचे खाते त्यांच्याच नावाने, दिंडोरीच्या शाखेत असू द्यावे. हवे तर आपण सहखातेदार व्हावे. विम्याच्या दृष्टीनेही वडिलांच्या एकट्याच्या नावावरचे खाते आणि आपल्या एकट्याच्या नावावरचे खाते वेगवेगळे धरले जाते.

माझा सल्ला असा की पगाराच्या खात्याव्यतिरिक्त एक खाते शाखा असलेल्या बँकेत उघडावे आणि त्यात तीन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे ठेवावेत. उरलेली रक्कम पूर्ण केवायसी केलेल्या ऑनलाइन खात्यात किंवा मुदत ठेवीत गेली तरी हरकत नाही. यूपीआय मात्र यांपैकी कोणत्याही खात्यावर लावू नये. त्यासाठी पगाराचे खाते पुरेसे आहे, आणि त्यातही महिन्याभराच्या खर्चापेक्षा फार शिल्लक ठेवू नये, म्हणजे माझ्यासारखा प्रसंग आलाच तर थोडेच पैसे अडकतील. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर फोन करून बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, चूक आपली किंवा बँकेची नसून त्रयस्थाची असेल आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर नुकसान आपल्यावर येत नाही. नामनिर्देशनही विसरू नये. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात.

शाखा निवडताना सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास तिथे जावे, गर्दीत उभे राहून पाहावे, आणि किमान शिल्लक किती, ती न राखल्यास दंड किती, चेक वटायला किती वेळ लागतो, एवढे तीन प्रश्न काउंटरवर विचारावेत. बँकेचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडून पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का, तेही तिथेच पाहून घ्यावे.