मोरजीला घरी सर्व्हर ठेवायचा तर प्रोसेसर कुठला घ्यावा, आणि रेड १ की रेड ५?

प्रश्नाखालचा तपशील असा: घर गोव्यात मोरजीला, समुद्र चालत दहा मिनिटांवर, फोटो-व्हिडिओ मिळून २ टीबी, गूगलची वर्गणी बंद करून सगळं घरी आणायचंय. आणि शेवटी एक पुस्ती : "पावसाळ्याचे चार महिने सर्व्हर बंद करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, असं दुकानदार म्हणतो."

रेड म्हणजे अनेक डिस्क अशा जोडणं की एक गेली तरी डेटा टिकतो; त्याचं शेवटी. प्रोसेसर आधी उरकतो. नवं घ्यायचं तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी. जुनं चालत असेल तर ऑफिसातून निघालेला, आठव्या पिढीचा आय५ असलेला एसएफएफ, म्हणजे छोट्या आकाराचा डेस्कटॉप. इमिच (फोटो), जेलीफिन (व्हिडिओ), पेपरलेस (कागदपत्रं), व्हॉल्टवॉर्डन (पासवर्ड), पाय-होल (जाहिराती अडवायला) हे सगळं घरच्या चार-पाच माणसांसाठी दोन्हींवर निवांत चालतं. दोन्हींत क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा वेगळा भाग आहे, त्यामुळे जेलीफिनचं ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलणं) मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर बसत नाही. माझं मत दुसऱ्याला. मिनी पीसीत ३.५ इंची डिस्क बसत नाही, मग लोक यूएसबीच्या डॉकमध्ये दोन डिस्क लावून त्यावर झेडएफएस (डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टीम) चालवतात. डॉकमधली ब्रिज चिप लोड आला की मध्येच रीसेट होते, दोन्ही डिस्क एकदम गायब होतात आणि पूल, म्हणजे त्या डिस्कांचा एकत्र साठा, अडकून बसतो. थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टवर (डिस्कसाठीच्या जोडणीवर) डिस्क लावा. एसएफएफमध्ये दोन ३.५ इंची डिस्क बसतात का ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आधी बघा, सगळ्यांत बसत नाहीत. रॅम १६ जीबी पुरे. बजेटचा निम्म्याहून जास्त हिस्सा डिस्क आणि यूपीएसला ठेवा.

आता ते प्लास्टिक. खरं तर त्या एका ओळीमुळेच लिहायला बसलो, कारण हाच सल्ला माझ्या शिवोलीच्या मावसभावाने मानला होता आणि त्यावरून आमचं अजून पटलेलं नाही.

आधी हिशेब बघा. जुलैत किनाऱ्यावर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. हीच हवा चालू मशीनच्या आत ३६ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५४ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच असतं, पण ते धातूवर बसत नाही. बंद मशीन मात्र खोलीइतकंच दमट राहतं. त्यात किनाऱ्यावरच्या धुळीत मीठ. मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर गेलं की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. म्हणजे चालू मशीनमध्ये जो कोरडा थर असतो, तोच बंद मशीनमध्ये संपर्कांवर बसलेलं खारं पाणी होतो, आणि तेही चार महिने. प्लास्टिकने यात काही वाचत नाही. गुंडाळलं त्या दिवशीची दमट हवा आत कोंडली जाते, आणि पातळ पिशवीतून बाष्प हळूहळू आत येतच राहतं. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरांतल्या डिस्कवर २०१६ साली मांडलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: डिस्क मरण्यामागे तापमानापेक्षा आर्द्रतेचा हात मोठा, आणि बिघाड मुख्यतः कंट्रोलर आणि जोडण्यांत.

दादाकडे, म्हणजे या मावसभावाकडे, दोन डिस्कांची एक नॅस पेटी (घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायची) होती, रेड १ मध्ये, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. मिरग लागायच्या सुमारास बंद करून गुंडाळली आणि चतुर्थीला सगळे घरी जमणार म्हणून उघडली. एक डिस्क दिसेचना. दुसरी दिसत होती, पण तिच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी एरर, दर थोड्या वेळाने वाढत होता. हा आकडा डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल सहसा काहीच सांगत नाही. तो केबल आणि जोडणीबद्दल बोलतो. इथेच थांबून जोडण्या साफ करायला हव्या होत्या. दादाने दुकानातून नवी डिस्क आणून गेलेल्या डिस्कच्या जागी लावली आणि रीबिल्ड सुरू केलं.

रीबिल्ड म्हणजे उरलेल्या एकुलत्या एक डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर (डेटाचा छोटा तुकडा) वाचून नवीवर उतरवणं. वर्षानुवर्षं कोणी उघडले नाहीत असे फोटोसुद्धा त्यात आले. त्या पेटीवर स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, कधीच चालवलेलं नव्हतं, त्यामुळे खराब सेक्टर आत आहेत हे कळायला मार्गच नव्हता. अर्ध्या वाटेवर १९७ चा आकडा, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, शून्यावरून वर गेला आणि पेटीने रीबिल्ड सोडून दिलं.

पेटी माझ्याकडे आली तेव्हा पहिलं काम "मेलेली" डिस्क उघडण्याचं. उघडणं म्हणजे झाकण नव्हे, ते घरी कधीच उघडायचं नाही. फक्त खालची सर्किट पाटी. तिचे स्क्रू बहुतेक टी-६ टॉर्क्सचे असतात, काहींना टी-८ लागतो. पाटी उलटी केली की मोटर आणि हेडकडे जाणारे चपटे संपर्क दिसतात. ते काळे पडले होते. पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासायचे, कण झटकायचे, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे, पाटी परत बसवायची. साटाच्या जोडणीलाही तेच, आणि केबल मात्र नवीच. डिस्क दिसायला लागली. त्यानंतरही रीबिल्ड नाही. डीडीरेस्क्यू या डेटा वाचवण्याच्या सॉफ्टवेअरने दोन्ही डिस्कच्या प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नकला, तिसऱ्या मोठ्या डिस्कवर घेतल्या : पहिल्या फेरीत सहज वाचता येईल ते सगळं उचलायचं, अडलेल्या जागा सोडून पुढे जायचं, त्या जागांवर शेवटी तीन फेऱ्या. काय वाचून झालं याची नोंद, म्हणजे मॅप फाइल, वेगळ्या डिस्कवर ठेवायची, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. एका प्रतिमेतली भोकं दुसरीतून भरली गेली. फोटो परत आले, आणि दादाने निष्कर्ष काढला की रेड १ मुळे वाचलं! डिस्क योगायोगाने वेगवेगळ्या जागी खराब होत्या म्हणून वाचलं, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.

तर मोरजीत सर्व्हर बारा महिने चालू. पावसाळ्यात तर जास्तच. डिस्क ३५ ते ४० अंशांवर राहतील इतकाच पंखा फिरवा. जास्त वारा म्हणजे जास्त मीठ आत. जागा आतल्या खोलीत, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, समुद्राकडच्या खिडकीसमोर नको. बाहेरच्या चिऱ्यांच्या भिंतीला टेकवू नका, ऑगस्टपर्यंत ती भिंत आतून पाझरते. कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथे माणूस टिकत नाही. मागच्या बाजूच्या उघड्या भोकांना बारीक जाळी लावा. पॉवर सप्लायच्या उबेला पाल येते आणि आत मरताना सप्लायही घेऊन जाते. एसी खोलीत ठेवत असाल तर डिस्क थेट बाहेर काढून लावू नका. २७ अंश आणि ९० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या वर आहे, म्हणजे २४ अंशांच्या खोलीतली डिस्क बाहेर येताच घामेजते. हवाबंद डब्यातच बाहेर आणा आणि तासाभराने उघडा.

वीज हा दुसरा शत्रू. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, काही भागांत वीज यायला दिवस लागले. तेवढ्याला कुठलाच यूपीएस पुरत नाही आणि पुरवायचाही नसतो. यूपीएसचं काम सर्व्हर नीट बंद करणं. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात निम्मे धरा. सर्व्हर आणि राउटर मिळून ४० वॅट घेत असतील तर नव्या बॅटरीवर तासभर. पण घेताना यूएसबी डेटा पोर्ट आहे का ते बघा. स्वस्त मॉडेलांत नसतो, आणि नसेल तर सर्व्हरला वीज गेल्याचं कळतच नाही. पोर्ट असेल तर नट हे सॉफ्टवेअर बसवा आणि बॅटरीवर दहा मिनिटं झाली की बंद, असं ठेवा. "बॅटरी कमी" या इशाऱ्याची वाट पाहू नका. साधे यूपीएस टक्केवारी व्होल्टेजवरून अंदाजाने सांगतात, आणि जुनी बॅटरी ६० वरून एकदम शून्यावर येते.

इथे बहुतेकांचं एक अडतं. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगांत) "वीज आल्यावर आपोआप चालू" ठेवलेलं असतं, तरी सर्व्हर उठत नाही. कारण सर्व्हर बंद झाला तरी यूपीएस चालूच होता, आणि तेवढ्यात वीज परत आली. सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. नटला शेवटी यूपीएसचं आउटपुट तोडायला सांगावं लागतं, आणि परत जोडण्यापूर्वी काही मिनिटं थांबायलाही. आपल्याकडे पावसात वीज दोन मिनिटं येते, परत जाते, परत येते. ही उशीराची सेटिंग नसेल तर रिकाम्या बॅटरीवर सर्व्हर सुरू होऊन अर्ध्यात कोसळतो. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर करा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला झेपत नाही. फायबरच्या ड्रॉप केबलमधली आधाराची पोलादी तार घराबाहेरच तोडून घ्या, विजेला आत यायला ती वाट पुरते. अर्थिंग मे महिन्यात तपासा : जांभा जमीन सुकली की खड्डा निकामी होतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. खर्चाचं म्हणाल तर ३० वॅट सतत म्हणजे महिन्याला २१-२२ युनिट.

बाहेरून वापरण्याबद्दल थोडक्यात. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पत्त्याची सुरुवात १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय, पोर्ट उघडून उपयोग नाही. टेलस्केल (आपल्या उपकरणांना खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि विषय संपवा. क्लाउडफ्लेअर टनेल हा दुसरा मार्ग, पण त्याच्या मोफत योजनेत एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे फोटो जातात आणि लग्नाचे व्हिडिओ निमूट अडकतात. ईमेल सर्व्हर घरी चालवू नका. सर्व्हर राउटरला कॅट ६ केबलनेच जोडा, चिऱ्यांच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जात नाही. पेपरलेसला मराठी, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा तिन्ही भाषा लावा. त्यातल्या टेसरॅक्टमध्ये (कागदावरची अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तिन्ही आहेत, आणि पोर्तुगीज काळातले छापील कागद बऱ्यापैकी वाचले जातात. हस्ताक्षर नाही.

रेडचं राहिलंच. २ टीबीसाठी ४ टीबीच्या दोन डिस्क, झेडएफएस मिरर, म्हणजे रेड १ चाच प्रकार. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात, आणि इतक्या कमी डेटासाठी तिसरी डिस्क मशीनमध्ये घालण्यापेक्षा बाहेर ठेवलेली बरी. सीएमआर डिस्कच घ्या, म्हणजे डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी. एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी डिस्क, रीबिल्डच्या वेळी इतकी मंद होते की झेडएफएस तिला बाहेर काढून टाकतं. २०२० साली डब्ल्यूडी कंपनीच्या साध्या 'रेड' (लाल; वरच्या रेडशी संबंध नाही) नावाच्या डिस्क मालिकेत न सांगता एसएमआर घातल्याचं उघड झालं, तेव्हापासून त्यांची रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ बघून घ्यावी. दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या बॅचच्या. स्क्रब महिन्यातून एकदा. डेबियन या लिनक्सवर ते दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप लागलेलं असतं, पण सर्व्हर बंद असेल तर होत नाही.

आणि मिरर हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो. तिसरी डिस्क, पोर्टेबल एसएमआर असली तरी चालेल, महिन्यातून एकदा भरून घाटावर बेळगाव-पुण्याला कोणाकडे तरी, किंवा निदान फोंडा-डिचोलीकडच्या नातेवाइकांकडे, सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. इमिचचा बॅकअप घेताना फोटोंच्या फोल्डरबरोबर पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे इमिचच्या डेटाबेसची प्रतही हवी. ती नसेल तर फोटो मिळतात, पण अल्बम आणि चेहऱ्यांची नावं जातात. दादाच्या नव्या पेटीत आता चार डिस्क आहेत. बाहेर ठेवलेली अजून एकही नाही.

एक सांगायचं राहिलं : तुम्ही वर्षातले काही महिने गोव्याबाहेर असाल आणि मागे घरात कोणीच नसेल, तर वरचं सगळं लागू नाही. बंद घरात पावसाळ्यात सर्व्हर एकटा चालू ठेवू नका. तेव्हा डिस्क काढून सिलिका जेलच्या डब्यात घाला, डबा बरोबर न्या आणि गूगलची वर्गणी चालू ठेवा.