पहिला भाग कोणता, काकू?

(डोंबिवलीत २८ वर्षं लायब्ररी चालवलेल्या काकू या महिन्यात अद्भुतकथांच्या मालिकांविषयीच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : काकू, मी पाचवीत असताना मामाने मला नार्नियाची जुनी पुस्तकं दिली होती. पुढे घर बदलताना ती गेली. आता माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणून नवा संच मागवला, तर त्यात मी सगळ्यात आधी वाचलेलं कपाटाचं पुस्तक दुसऱ्या क्रमांकावर आणि 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिल्या क्रमांकावर! माझी आठवण चुकतेय का? तिला कुठून सुरुवात करून देऊ? – नाशिकहून एक आई

उत्तर : आठवण अगदी बरोबर आहे. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आलं १९५० साली, सगळ्यात आधी. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' आलं १९५५ साली, सातातलं सहावं. पण त्यात नार्निया हे जादूचं जग जन्माला कसं आलं ती गोष्ट आहे, म्हणून पुढे प्रकाशकांनी काळाच्या हिशोबाने नंबर घातले आणि सहावं पुस्तक उचलून पहिल्या जागी बसवलं.

आता खरी गंमत. १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलाने लेखक सी. एस. लुईस यांना पत्र लिहिलं. आईचं म्हणणं होतं छापल्या क्रमाने वाच, मुलाचं म्हणणं होतं घडल्या क्रमाने. लुईसनी मुलाची बाजू घेतली. (लेखक आईची बाजू कधी घेत नाहीत.) पण त्याच पत्रात त्यांनी हेही कबूल केलं, की पहिलं पुस्तक लिहिताना पुढे आणखी काही लिहायचंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला, आणि तो आईच्या बाजूने लागला. लुईसना जे माहीत नव्हतं, ते तुमच्या मुलीला आधीच कशाला सांगायचं?

ल्यूसी कपाटात शिरते. हाताला फरचे कोट लागतात, मग कोटांच्या जागी फांद्या, पायाखाली बर्फ. आणि जंगलाच्या मधोमध एकटा उभा असलेला दिव्याचा खांब. तो खांब तिथे का आहे? कोणी लावला? कोणीच सांगत नाही. पाच पुस्तकं आपण तो प्रश्न खिशात घेऊन हिंडतो, आणि सहाव्यात उत्तर मिळतं तेव्हा अंगावर काटा येतो. सहावं आधी वाचलं तर? खांब म्हणजे खांब. आपल्या कोपऱ्यावर असतो तसा.

एक सूचना. वाचून दाखवताना चेटकीण ल्यूसीच्या भावाला, एडमंडला, 'टर्किश डिलाइट' नावाची मिठाई देते तिथे तुम्ही त्याची बर्फी करू नका. मी माझ्या भाच्याला वाचून दाखवताना केली होती, तर तो म्हणाला, "बर्फीसाठी कोण भावंडांना फसवेल?" त्याला मग सांगावं लागलं, की हे पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात गोड खाऊसुद्धा रेशनवर होता, १९५३ पर्यंत. ते कळल्यावर त्याने एडमंडला निम्मी माफी दिली. निम्मीच.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो. या वर्षी मी हट्टाने माझी कॉलेजच्या दिवसांतली आवडती 'अर्थसी' मालिका सगळ्यांच्या गळ्यात मारली. पहिल्या तिन्हींवर सगळ्या खूश. चौथ्यावर मात्र भांडण झालं. दोघी म्हणाल्या, हे काय, यात जादूच नाही, शेळ्या राखणं आणि भांडी घासणं आहे! मीही 'तेहानू' पूर्वी अर्धंच सोडलं होतं. तिसऱ्यावर थांबावं का? – पुण्याहून एक वाचक

उत्तर : बाई, थांबू नका. या पत्राला मी जास्त जागा देणार आहे, संपादकांनी रागावलं तरी चालेल.

आधी ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी. अर्सुला ल ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालचं. समुद्र आणि शेकडो बेटं. एका बेटावर गेड नावाचा शेळ्या राखणारा पोर, ज्याच्यात जादूची ताकद आहे आणि तिच्यापेक्षा मोठा अहंकार. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रकाशकाने बाईंना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. बाईंनी आधी नकाशा काढला, बेटांना नावं दिली, मग गोष्ट शोधत निघाल्या. गेडचा रंग तांबूस तपकिरी, त्याचा मित्र काळाभोर. १९६८ मध्ये हे करणं सोपं नव्हतं, आणि पुढे कितीतरी मुखपृष्ठांवर त्याला गोरा केला गेला तेव्हा बाई चिडल्या.

या जगात जादू चालते ती नावावर. प्रत्येकाला एक खरं नाव असतं, ते ज्याला कळलं त्याची आपल्यावर सत्ता. म्हणून खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. तिने आजोबांचं नाव आयुष्यात एकदाही उच्चारलं नाही, उखाण्यात लपवून घेतलं तेवढंच. सासरच्या मंडळींना वाटायचं, हा नवऱ्याचा मान. अर्थसी वाचल्यावर मला संशय आला, की म्हातारी ते नाव राखून ठेवत होती.

मला ही पुस्तकं मिळाली फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, १९९० च्या आसपास. पफिनच्या जुन्या प्रती, तीन मिळून पंचेचाळीस रुपये. पहिली दोन मी वाचली. दुसऱ्यातली तेनार माझी लाडकी झाली. लहानपणी घरातून उचलून आणलेली, अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण केलेली, जिचं नावसुद्धा काढून घेतलंय अशी मुलगी. तिसरं, 'द फार्देस्ट शोअर', मी वाचायच्या आधीच एका सभासदाने नेलं. ते परत आलं नाही. त्याबद्दल शेवटी बोलते.

मग काही वर्षांनी 'तेहानू' हाती आलं. तिसरं न वाचताच मी चौथं उघडलं. आणि त्यात तो महाजादूगार गेड ड्रॅगनच्या पाठीवरून अर्धमेला येऊन पडतो, आणि त्याची सगळी जादू संपलेली आहे! का संपली ते तिसऱ्यात, आणि तिसरं त्या सभासदाकडे. मी चिडले, पण वाचत राहिले ते तेनारसाठी. ती आता पुजारीण नाही. शेतकऱ्याची विधवा आहे, दोन मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलीत, आणि तिने एका भाजलेल्या, टाकून दिलेल्या पोरीला घरी आणलंय. दोघी राहतात, शेळ्या बघतात. गावातले पुरुष दाराशी घुटमळतात आणि रात्री कडी नीट लागली ना, हे ती दोनदा बघते.

तुमच्या मैत्रिणी म्हणतात यात जादू नाही. बरोबर आहे, पण ते बाईंनी मुद्दाम केलंय. तिसरं १९७२ चं, चौथं १९९० चं. मधली १८ वर्षं! त्या काळात बाईंनी स्वतःच्याच पहिल्या पुस्तकांकडे वळून पाहिलं, तर त्यांना दिसलं की आपल्या जादूच्या शाळेत एकही मुलगी नाही. बायकांची जादू म्हणजे हलकी जादू अशी म्हणही आपणच त्या जगात लिहून ठेवली. पहिलं लिहिताना हे त्यांना खटकलं नव्हतं. नंतर खटकलं. काही लेखक अशा वेळी जुनं पुस्तक गुपचूप दुरुस्त करतात. बाईंनी जुन्याला हात लावला नाही. त्याच बेटावर परत गेल्या आणि या वेळी चुलीपाशी बसून बघितलं, तलवारी आणि काठ्या जिथून दिसत नाहीत तिथून.

मी 'तेहानू' दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पंचावन्नची होते. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. पहिल्या वेळी जी पानं मी भरभर उलटली होती, भांडी, शेळ्या, कडी, ती या वेळी सगळ्यात हळू वाचली. एवढंच सांगते.

आणि हो, 'तेहानू'वर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. २००१ मध्ये आणखी दोन आली, 'टेल्स फ्रॉम अर्थसी' आणि 'द अदर विंड'. आपल्याला शेवटचं काही कळत नाही हे बाईंनी हसत कबूल केलं. तुमच्या दोघी मैत्रिणींना 'द अदर विंड'पर्यंत न्या. तिथे भांडल्या तर मला परत लिहा.

प्रश्न : माझे आजोबा 'चंद्रकांता' मोठ्याने वाचायचे आणि आम्ही दहा-बारा पोरं गोळा होऊन ऐकायचो. आता मी ७१ वर्षांचा आहे. नातवाला ते द्यावंसं वाटतं, पण त्याचं हिंदी कच्चं आणि माझा आवाज बसका. – कोल्हापूरहून एक आजोबा

उत्तर : आजोबा, लिपी देवनागरीच आहे, निम्मं काम तिथेच झालं. हे पुस्तक लोकांना इतकं हवं होतं, की ते वाचायला लोक हिंदी शिकले असं सांगतात. एक नातू शिकेल की.

'चंद्रकांता'चे लेखक देवकीनंदन खत्री बनारसच्या बाजूला चकिया-नौगढच्या जंगलात ठेके घ्यायचे. तिथले पडके किल्ले, गुहा, झाडांनी गिळलेले वाडे बघत हिंडायचे, आणि त्यातून ते तिलिस्म, म्हणजे जादूचा भुलभुलैया, निघालं. नातवाला राजकन्येपासून सुरुवात करून देऊ नका, ऐयारांपासून करा. वेष बदलणारे, बेशुद्धीची पूड उधळणारे, आणि शुद्धीवर आणायला लखलखा हुंगवणारे. तेजसिंह आणि त्याचा बटवा एकदा भेटला की पोरगं आपणहून पुढचं पान मागेल. बसक्या आवाजाची काळजी नको. ऐयार आवाज बदलतात असं सांगा.

क्रम विचारला नाहीत, तरी सांगते. आधी 'चंद्रकांता', मग 'चंद्रकांता संतति' (तिचे २४ भाग, घाबरू नका, भाग लहान आहेत), आणि मग 'भूतनाथ'. भूतनाथची स्वतःची हकीकत खरं तर जुनी, पण तो 'संतति'त आधी संशयास्पद माणूस म्हणून भेटायला हवा. खत्रींनी 'भूतनाथ' अर्धवट सोडून १९१३ मध्ये जग सोडलं, पुढचं त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरं केलं. तुम्ही सुरुवात करा, दम लागला की पुस्तक नातवाकडे द्या. खत्रींच्या घरी तसंच झालं.

प्रश्न : मी ठाण्यात, भाऊ मेलबर्नला. दर रविवारी फोनवर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचतो, शाळेत एकत्र वाचलं होतं म्हणून. पण मला आता मध्येच कंटाळा येतो. ते पाप आहे का? आणि 'द हॉबिट' आधी वाचायला हवं होतं का? – ठाण्याहून एक ताई

उत्तर : पाप नाही. गाणी गाळा, भावाला सांगू नका.

'द हॉबिट' आधीच. ते १९३७ चं. पण तुम्ही जे वाचाल ते १९३७ चं नसेल. मूळ गोष्टीत गुहेत राहणारा गॉलम कोड्यांच्या पैजेत त्याची जादूची अंगठी राजीखुशीने द्यायला तयार होता, आणि नाही सापडली म्हणून बिचारा माफी मागून गोष्टीच्या नायकाला, बिल्बोला, वाट दाखवतो. तोवर लेखक टॉल्किनना ठाऊक नव्हतं की ही अंगठी कोणाची. पुढचं महाभारत लिहिताना ते कळलं, आणि मग हा सज्जन गॉलम बसेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. वर मखलाशी अशी, की जुनी हकीकत बिल्बोने सांगितलेली थाप होती! मला ही थाप फार आवडते. ल ग्विनबाईंच्या अगदी उलटी तऱ्हा, तरी आवडते.

कंटाळ्यावर एक उपाय. दुसरा खंड, 'द टू टॉवर्स', संपेल तिथे दोन महिने थांबा. नायक फ्रोडो शत्रूच्या हातात आणि त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर. हे एकच मोठं पुस्तक होतं, युद्धानंतर कागद महाग म्हणून त्याचे तीन खंड केले. पहिल्या वाचकांना त्या दारापाशी नोव्हेंबर १९५४ पासून ऑक्टोबर १९५५ पर्यंत ताटकळावं लागलं. तुम्ही दोन महिने रविवारी फोनवर दुसरं काही बोला.

प्रश्न : मालिकेतलं एक पुस्तक मैत्रिणीने नेलं, दोन वर्षं झाली. मैत्री न तुटता परत कसं मागू? – साताऱ्याहून एक

उत्तर : तिला पुढचा भाग द्यायला घरी जा. "हा वाचलास की दोन्ही एकदम दे" म्हणा. पुढचा भाग वाचायला ती आधीचा शोधते, तेव्हा तो घरात आहे हे तिला आठवतं. माझ्या लायब्ररीत हा उपाय दहांपैकी सात वेळा चालला. (हिशोब माझ्या मनाचा आहे.)

ज्या तिघांवर चालला नाही त्यांतला एक तो अर्थसीवाला. 'द फार्देस्ट शोअर'ची दुसरी प्रत मला २००३ मध्ये मिळाली, वाचली, गेडची जादू कुठे गेली ते कळलं. पण त्या पहिल्या प्रतीला मी स्वतः खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, आत निळ्या शाईत सभासद क्रमांक ११४ आहे. साहेब, हे वाचत असाल तर पुस्तक आणून द्या. लायब्ररी बंद झाली असली तरी घर तेच आहे. रोज दोन रुपयांप्रमाणे दंड काढला तर फार होतो, तो माफ.