करविषयक प्रश्नोत्तरे : क्यूआर कोड काढून टाकल्याने कर टळत नाही

प्रश्न : माझे किराणा दुकान असून दुकानातच एका कोपऱ्यात झेरॉक्स यंत्र ठेवले आहे. 2025-26 या आर्थिक वर्षात यूपीआयद्वारे माझ्या बचत खात्यात सुमारे 25 लाख रुपये जमा झाले. त्यांत भिशीचे आणि भावाने परत केलेल्या हातउसन्या पैशांचे मिळून 3 लाख आहेत. रोखीची विक्री 14 लाखांच्या घरात आहे. नोटीस येईल या भीतीने शेजारच्या दोन दुकानदारांनी क्यूआर कोड काढून टाकले आहेत. मीही काढावा का? मला कर किती पडेल? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : क्यूआर कोड मुळीच काढू नका. विक्री रोखीने झाली तरी ती विक्रीच असते आणि कायद्याच्या हिशोबात धरली जाते. शिवाय प्राप्तिकर कायद्याच्या कलम 44एडीनुसार लहान व्यावसायिकाला अंदाजित नफ्यावर कर भरण्याची जी सवलत आहे, तिच्यात रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरावा लागतो, तर बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के धरला तरी चालतो. म्हणजे क्यूआर कोड काढणाऱ्याचा नफा कागदावर वाढतो.

आपल्या बाबतीत भिशी आणि हातउसने मिळून 3 लाख वगळले, तर यूपीआयची विक्री 22 लाख होते. तिचे 6 टक्के म्हणजे 1 लाख 32 हजार आणि रोखीच्या 14 लाखांचे 8 टक्के म्हणजे 1 लाख 12 हजार, असे एकूण 2 लाख 44 हजार रुपये किमान उत्पन्न येते. नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही, त्यामुळे दुसरे उत्पन्न नसल्यास आपल्याला प्राप्तिकर भरावा लागणार नाही. मात्र ही टक्केवारी किमान आहे, हे विसरू नका. प्रत्यक्ष नफा याहून जास्त झाला असेल तर तोच दाखवावा. उद्या घरासाठी किंवा दुकान वाढवण्यासाठी कर्ज मागायला गेलात, तर बँक विवरणपत्रातलेच उत्पन्न पाहते.

माझी खरी काळजी वेगळी आहे आणि ती आपण विचारलेली नाही. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. परंतु ही मर्यादा ‘केवळ’ माल विकणाऱ्यासाठीच आहे. झेरॉक्स काढून देणे ही सेवा असल्यामुळे, तिचे उत्पन्न कितीही किरकोळ असले तरी, आपल्याला 20 लाखांची मर्यादा लागू होते आणि आपली एकूण उलाढाल 36 लाख आहे. या उलाढालीत सुट्या धान्यासारख्या करमुक्त मालाची विक्रीही मोजली जाते. मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करणे बंधनकारक असते. ती मुदत उलटून गेली असल्यास आणखी एक दिवसही न दवडता करसल्लागाराला गाठा, कारण मागील काळाचा कर निघाला तर तो गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही, आपल्याच खिशातून जातो. नोंदणी घेताना कंपोझिशन योजनेचा विचार अवश्य करावा. तिच्यात व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर 1 टक्का कर भरावा लागतो. हा कर बिलात लावता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, पण दरमहा विवरणपत्रे भरण्याचा व्याप वाचतो.

2025 साली कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून अनेक छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा खात्यावरच्या रकमेतली विक्री कोणती आणि घरची देवघेव कोणती, हे सिद्ध करणे हाच मोठा प्रश्न होता. कलम 44एडीखाली हिशोबाची पुस्तके ठेवण्याची सक्ती नाही, तरीही रोजची विक्री आणि खरेदीची बिले वहीत नोंदवावीत असे मी आग्रहाने सांगतो. दुकानासाठी वेगळे चालू खाते उघडा, भिशीची वही जपून ठेवा आणि भावाला पैसे दिले होते त्या व्यवहाराची बँकेतली नोंद शोधून ठेवा. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, अंदाजित नफ्याची सवलत मात्र त्यातही आहे.

प्रश्न : मी आयुर्विमा एजंट आहे. 2025-26 मध्ये 5 लाख 40 हजार रुपये कमिशन मिळाले आणि 10,800 रुपये टीडीएस कापला गेला. मीही 6 टक्के नफा दाखवून परतावा मागू शकते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. कमिशन किंवा दलालीच्या उत्पन्नाला कलम 44एडीची सवलत नाही. आपल्याला प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा काढावा लागेल, त्यासाठी हिशोबाची पुस्तके ठेवावी लागतील आणि विवरणपत्र आयटीआर-3 या नमुन्यात भरावे लागेल. ग्राहकांकडे जाण्यायेण्याचा प्रवास, दूरध्वनी, छपाई असे व्यवसायासाठीचे खर्च बिलांसह दाखवता येतात. नव्या प्रणालीत निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असल्यास कलम 87ए खाली पूर्ण सूट मिळते, म्हणून आपला कर शून्य होऊन 10,800 रुपये परत मिळू शकतात. ‘कर नाही, मग विवरणपत्र कशाला’ असे म्हणून अनेक एजंट ही रक्कम वर्षानुवर्षे सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. ते कष्टाचे पैसे आहेत, ते मागा.

प्रश्न : दुकानात 18,000 रुपये पगारावर एक महिला आणि 12,000 रुपयांवर एक पुरुष कामाला आहे. दोघांचा व्यवसाय कर कापायचा का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : महाराष्ट्रात दरमहा 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलेला व्यवसाय कर लागत नाही, त्यामुळे तिच्या पगारातून काहीही कापू नये. पुरुष कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापून भरावेत.