‘मी नवी आहे, मलाच आधी काढतील’

“मॅडम, मी नवी आहे. काढायची वेळ आली तर पहिलं नाव माझंच असणार ना?”

मी समुपदेशक आहे. कर्मचारी कपातीच्या बातम्या सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्यासमोर हमखास येतो. माणसं वेगळी, कंपन्या वेगळ्या, प्रश्न तोच. त्यातल्या एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिला रेवा म्हणूया.

रेवाचं प्रोबेशन संपायचं होतं आणि कंपनीत कपातीची पहिली यादी लागली. यादीत तिचं नाव नव्हतं, तरी तिची झोप उडाली. आपण कामावर दिसलो पाहिजे म्हणून रात्री उशिरापर्यंत ती लॅपटॉप चालू ठेवायची. मीटिंगचं आमंत्रण आलं की आधी त्यात एचआरचं कोणी आहे का, ते बघायची.

“मला एवढंच सांगा, माझी नोकरी टिकेल का?”

“ते मला सांगता येणार नाही. तुझ्या मॅनेजरलाही बहुधा येणार नाही.”

ती नाराज झाली. पण ‘काही होणार नाही गं’ हे मी कुणालाच म्हणत नाही. तो दिलासा पुढच्या अफवेपर्यंतच टिकतो.

शिवाय तिची भीती निराधार नव्हती. प्रोबेशनवरच्या माणसाचा नोटीस पीरियड बहुधा कमी असतो, आणि नुकसानभरपाई बऱ्याच ठिकाणी सेवेच्या वर्षांवर ठरते. त्यामुळे नव्याला काढणं कंपनीला स्वस्त पडतं. काही देशांच्या कामगार कायद्यात तर शेवटी आलेल्याने आधी जायचं, असं तत्त्वच आहे. पण अख्खा प्रोजेक्ट किंवा विभाग बंद होतो तेव्हा जुनेजाणतेही जातात, आणि कमी पगाराचा नवा माणूस कधीकधी त्याच कारणाने राहतो. नवेपणामुळे धोका वाढू शकतो, पण निकाल त्यावरच लागतो असं नाही.

हे सगळं रेवाला समजत होतं. भीती मात्र हलत नव्हती. मग एकदा मी विषय बदलला.

“पहिल्या यादीत तुझ्या ओळखीचं कुणी होतं?”

“हो. माझ्या शेजारी बसायचा तो. मला सगळं काम त्यानेच शिकवलं.”

“कामात कमी पडत होता?”

“छे! टीममध्ये सगळ्यात हुशार तोच.”

“त्याला काढल्यावर तुझं त्याच्याबद्दलचं मत बदललं?”

“अजिबात नाही. त्यांचा प्रोजेक्टच बंद झाला, त्यात त्याची काय चूक?”

“आणि उद्या तुला काढलं तर?”

ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तर मी म्हणेन, माझी लायकीच नव्हती.” आणि स्वतःच चमकली. “म्हणजे त्याला एक न्याय आणि मला दुसरा?”

त्या क्षणी मी काही बोलले नाही. माणूस स्वतःच्या तोंडून स्वतःचा अन्याय ऐकतो तेव्हा समुपदेशकाने मध्ये येऊ नये, हे मी या कामात कमावलेलं शहाणपण आहे. रेवाला पगार जाण्याची भीती होतीच, पण झोप उडवत होता तो तिने स्वतःविरुद्ध आधीच लिहून ठेवलेला निकाल. जुन्या माणसाकडे मागच्या कामाचा आधार असतो. नव्याकडे तो नसतो, म्हणून तो कंपनीच्या हिशेबालाच स्वतःचं मूल्यमापन समजतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मला आजही पटते ती इथेच: एखाद्या घटनेवरून अख्ख्या माणसाची किंमत ठरवायची नाही.

आणि भीती तशीच धरून ठेवणं फुकट पडत नाही. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रत्यक्ष बेरोजगारीचा परिणाम वजा केल्यावरही, नोकरीची असुरक्षितता सतत जाणवणाऱ्यांची तब्येत तुलनेने वाईट आढळली.

त्यानंतर रेवा कामाला लागली. नेमणूकपत्र पहिल्यांदाच नीट वाचलं. प्रोबेशन, नोटीस, जॉइनिंग बोनस परत करण्याची अट, सगळं. मॅनेजरला ‘मी सुरक्षित आहे का?’ विचारायचं सोडून तिने विचारलं, ‘या तिमाहीत माझ्याकडून नेमकं काय हवंय?’ याचं उत्तर त्याच्याकडे होतं. तुम्हीही हाच प्रश्न विचारा. केलेल्या कामाची नोंद दर आठवड्याला स्वतःच्या शब्दांत ठेवा, कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी आणू नका. बायोडेटा आजच अद्ययावत करा. जमेल तेवढे महिने घरखर्च भागेल एवढी रक्कम बाजूला टाकत राहा, आणि नवं मोठं कर्ज थोडं लांबवा. रात्रभर ऑनलाइन दिसून कुणाची नोकरी वाचल्याचं मी पाहिलेलं नाही.

घरच्यांनाही सांगते, रोज संध्याकाळी ‘आज काही कळलं का?’ विचारू नका. रेवाने आईला स्पष्ट सांगितलं, “काही झालं तर त्याच दिवशी सांगेन. तोवर विचारू नकोस.” आईने ते पाळलं. आमची शेवटची भेट झाली तेव्हा दुसरी यादी लागायची होती, आणि रेवा दोन ठिकाणी अर्ज करून आली होती.