‘मॅडम, कार्ड कापूनच टाकू का?’

पैशांच्या गुंत्याबद्दल बोलायला माणसं माझ्याकडे येतात, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरची व्यक्ती पाकिटात हात घालू लागली की मला अंदाज येतो. क्रेडिट कार्ड टेबलावर येतं आणि पाठोपाठ वाक्य येतं, “मॅडम, हे कापूनच टाकते. विषय संपला.” मी काही बोलायच्या आत दुसरं वाक्यही येतं, “पण मग अडीअडचणीला काय करायचं?”

या दोन वाक्यांमध्ये माणसं महिनोन् महिने अडकलेली असतात. आज ज्या बाईंबद्दल लिहिते आहे, त्याही तशाच अडकल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात-आठ भेटी दोन-तीन प्रसंगांत आवळल्या आहेत. त्यांना इथे ‘बाई’च म्हणते, कारण त्या शिक्षिका आहेत. गणित शिकवतात.

पहिल्या भेटीत त्यांनी हेच आधी सांगितलं, मान खाली घालून. “चक्रवाढ व्याज मी वर्गात फळ्यावर शिकवते हो. आणि माझ्याच कार्डांवर दोन वर्षं मिनिमम ड्यू भरत बसलेय. कुणाला सांगू?”

त्यांच्याकडे तीन कार्डं होती. शेवटची चौदा स्टेटमेंटं, म्हणजे कार्डांची महिन्याची बिलं, उघडलेलीच नव्हती. मोबाइलवर ‘किमान देय रक्कम’, म्हणजे या महिन्यात निदान एवढे तरी भरा, असा मेसेज आला की तेवढे पैसे भरायचे आणि मेसेज पुसून टाकायचा. खुर्चीशेजारी त्यांची एक देखणी प्रवासी बॅग होती. कुठे निघाल्या आहेत का, असं मी विचारलं. “नाही, ही पॉइंटवर मिळाली,” त्या म्हणाल्या. कार्डाने खरेदी केली की बक्षीस म्हणून जमतात ते पॉइंट. चौदा स्टेटमेंटं न उघडलेल्या या बाई पॉइंट मात्र आठवड्यातून दोनदा तपासत होत्या. बॅगेला थोडे पॉइंट कमी पडत होते, म्हणून शेवटच्या महिन्यात नको असलेल्या चार वस्तूही घेतल्या होत्या.

हे नुसत्या हावेपोटी होत नाही. बक्षीस जवळ आलं की माणूस जोरात पळतो. मानसशास्त्रात हे क्लार्क हल यांनी 1930च्या दशकातच मांडलं होतं, आणि 2006 साली संशोधक रान किवेट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या दुकानातल्या शिक्के मारायच्या कार्डांवर तेच पाहिलं. फुकटचा कप जवळ येईल तसतशी लोकांची पुढची कॉफी लवकर यायची. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. आपल्यातच काहीतरी खोट आहे ही समजूत थोडी सैल झाली, की पुढचं काम सुरू होऊ शकतं.

पुढच्या भेटीला मी एकच गृहपाठ दिला होता. ताजं स्टेटमेंट छापून आणायचं आणि माझ्यासमोर मोठ्याने वाचायचं. आकड्यांशी झटापट करण्याआधी त्या आकड्यांना माणूस मनात काय नाव देतो ते ऐकायचं, असा माझा आग्रह असतो. आणि मोठ्याने वाचताना ते नाव हमखास बाहेर पडतं.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. एकूण देय, किमान देय, देय तारीख. मग ‘उपलब्ध मर्यादा’, म्हणजे कार्डावर अजून किती उधारी करता येईल, या ओळीवर आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, “म्हणजे अजून एवढे शिल्लक आहेत.”

“कोणाचे?” मी विचारलं.

“माझे.” मग थांबल्या. “म्हणजे... कार्डातले.”

कागद हातात तसाच राहिला. कितीतरी वेळ बाई त्या ओळीकडे बघत होत्या. मी बोलले नाही. ‘ते पैसे तुमचे नाहीत’ हे सांगणं सोपं होतं, पण ते त्यांना घरच्यांनी आधी पंचवीस वेळा सांगून झालं होतं.

मी दुसरंच विचारलं, “बँकेत ठेव आहे का?” होती. तिन्ही कार्डांची बाकी फेडून थोडी उरेल एवढी होती. ती का मोडली नाही? “ती अडचणीसाठी आहे.” मग कार्ड कशासाठी घेतलं? “तेही अडचणीसाठीच.” आणि रोजचा खर्च? तो कार्डावर.

ठेवीवरचं व्याज कार्डाच्या व्याजापुढे नखाएवढं असतं, हे गणिताच्या शिक्षिकेला मी काय सांगणार? पैसा एकच असला तरी मनात त्याचे वेगवेगळे कप्पे होतात आणि एका कप्प्याला आग लागली तरी दुसऱ्यातलं पाणी माणूस काढत नाही. रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या हिशेबावर आयुष्यभर काम केलं. त्यांना 2017 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण बाईंच्या कप्प्याला कुलूप कोणी लावलं होतं, हे मला कळायला हवं होतं.

“तुमच्या घरात पैशाची अडचण म्हणजे काय असायचं?” मी विचारलं.

त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. आई त्यांना बरोबर घेऊन रात्री नातेवाइकांकडे पैसे मागायला गेली होती. दारातच उभं राहून बोलणं झालं. आत कोणी बोलावलं नाही. पैसे मिळाले, पण मोजून देताना त्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, “परत कधी?” आईने पदराला हात पुसले होते. हात ओले नव्हते, तरी पुसले होते. हे सांगताना बाईंनी स्वतःचे हात तसेच ओढणीला पुसले.

“कार्डाचं बरं आहे मॅडम,” त्या म्हणाल्या. “कोणी विचारत नाही. हात पसरावा लागत नाही.”

आणि मग, बऱ्याच वेळाने, टेबलावरच्या कागदाकडे बघत, “पण ही ‘देय तारीख’ म्हणजे ‘परत कधी?’च ना?”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मला मोजकेच लाभले आहेत. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं, ते मी गिळून बसले होते आणि ते त्यांच्या तोंडून आलं याचं मला आजही समाधान आहे. मी बोलले असते तर तो उपदेश ठरला असता. त्या स्वतः बोलल्या आणि त्यांच्या हातातलं कार्ड पहिल्यांदा कर्जासारखं दिसू लागलं. तोवर ते त्यांच्यासाठी पैसा नव्हतंच. ती होती अब्रू. अब्रू कापून टाकायला कोणाचा हात धजेल? ‘कापू का’ आणि ‘मग अडचणीला काय’ यांच्यात त्या का झुलत होत्या, ते मलाही तिथे नीट कळलं.

त्यानंतर गणित वेगाने झालं. त्यांच्या एका कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के होतं, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर. किमान रक्कम बाकीच्या 5 टक्के. मी म्हटलं, शंभराची बाकी धरा, नवी खरेदी शून्य धरा आणि सोडवा. त्यांनी सोडवलं. फक्त किमान रक्कम भरत राहिलं तर बाकी निम्मी व्हायलाच 32 महिने लागतात. तोवर शंभराच्या बाकीपोटी एकशेवीस भरून झालेले असतात आणि पन्नास अजून शिल्लकच. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, “हे मी सहामाहीला उदाहरण म्हणून घालीन.”

ठेवीचा मोठा भाग मोडून त्यांनी दोन कार्डं पूर्ण फेडली, सर्वांत जास्त व्याजाचं आधी. सगळी ठेव मात्र मी मोडू दिली नाही. हाताशी काहीच नसेल तर पहिल्याच अडचणीला माणूस पुन्हा कार्डाकडे धावतो.

मग कार्ड वापरायचं कसं? इथे मी त्यांना एक जुनी हकीकत सांगितली. 1950 साली अमेरिकेत डायनर्स क्लबचं कार्ड आलं तेव्हा महिन्याचं बिल महिन्याला पूर्ण भरावं लागे. थोडं भरा, उरलेलं व्याजाने पुढे ढकला, ही सोय लोकांच्या हातात मोठ्या प्रमाणावर आली ती 1958 साली, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात. तिथे बँक ऑफ अमेरिकाने सुमारे 60 हजार लोकांना न मागता टपालाने कार्डं पाठवली होती. बाईंना हे फार आवडलं. “म्हणजे मी 1950 सालचं कार्ड वापरायचं!” पुढच्या सगळ्या भेटींत आमचा तोच परवलीचा शब्द होता आणि आता मी तो सगळ्यांनाच देते.

1950 सालचं कार्ड म्हणजे, बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवायची. ती देताना ‘किमान’ आणि ‘पूर्ण’ असे पर्याय असतात, तिथे पुष्कळ जण घाईत चुकतात. पूर्ण बिल भरलं नाही तर बहुतेक कार्डांवर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. पूर्ण भरणाऱ्याला मात्र तीच मुदत चांगली कामाला येते. समजा, स्टेटमेंट 5 तारखेला निघतं आणि भरायची तारीख 25 आहे. 6 तारखेला घेतलेल्या वस्तूला जवळपास 50 दिवस मिळतात, 4 तारखेला घेतलेल्या वस्तूला जेमतेम 21. मोठी, आधीच ठरलेली खरेदी असेल तर दोन दिवस थांबावं.

रोजच्या खर्चासाठी कार्ड जरूर वापरा, पण जो खर्च कार्ड नसतानाही केला असता तेवढाच. हे मी कळकळीने सांगते, कारण कार्ड हातात असताना किंमत बोचत नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. रोखीने पैसे द्यायचे असलेल्यांपेक्षा कार्डाने द्यायचे असलेल्यांची बोली सरासरी दुपटीच्या आसपास गेली. बाईंनी यावर स्वतःचा उपाय काढला. कार्ड वापरलं की त्याच रात्री तेवढी रक्कम बिलासाठीच्या वेगळ्या खात्यात टाकायची. बोच परत आणायची.

पॉइंटांचा विचार पूर्ण बिल भरायची सवय सहा महिने टिकल्यावरच. शंभरावर एक परत मिळतो आणि बाकी राहिली तर महिन्याला तीन जातात, इतका तो साधा सौदा आहे. कार्डाची वार्षिक फी परताव्यातून वजा करा आणि पॉइंटांची मुदत बघा. पॉइंट पुरे करायला म्हणून काही विकत घेऊ नका. ती बॅग बाई आता शाळेत वह्या न्यायला वापरतात. ती फुकट नव्हती, हे त्या स्वतःच सांगतात.

राहिली अडचण. बाईंकडून मी एका कागदावर त्यांच्या अडचणी लिहून घेतल्या: दवाखाना, तातडीचा प्रवास, घरातली अशी दुरुस्ती जिच्यावाचून राहताच येणार नाही. तीनच, आणि शांत डोक्याने आधीच लिहिलेल्या. अडचणीच्या वेळी माणसाला सगळंच अडचण वाटतं. अशा वेळी कार्ड वेळ मिळवून देतं. दवाखान्यात रात्री पैसे भरता येतात, पण भरण्याच्या तारखेच्या आत ठेवीतून ते आणून ठेवायचे असतात. म्हणून मागे ठेव हवीच. कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नका. त्यावर वेगळं शुल्क लागतं आणि व्याज साधारणपणे त्याच दिवसापासून सुरू होतं.

काहींना मी खरोखरच कार्ड बंद करायला सांगते. मन उदास झालं की रात्री उशिरा खरेदी करून ज्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, त्यांच्या हाताशी ते नसलेलंच बरं. आमचं काम तिथे वेगळ्या ठिकाणी सुरू होतं. पण तेव्हाही कात्री चालवू नका. बाकी फेडून बँकेला रीतसर बंद करायला सांगा आणि तसं लेखी घ्या. कार्ड कापलं तरी खातं चालूच राहतं, फी लागत राहते. बाईंनी दोन कार्डं अशीच बंद केली आणि सर्वांत जुनं ठेवलं, कारण पत नोंदीत, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो याच्या नोंदीत, जुन्या खात्याला वजन असतं.

शेवटच्या भेटीत त्या स्टेटमेंट घेऊन आल्या, न सांगता. वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं. ‘किमान देय’ या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारलेली होती, पेपर तपासताना चुकलेल्या उत्तरावर मारतात तशी. ‘उपलब्ध मर्यादा’ आली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या.

“ही बँकेची,” म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचू लागल्या.