पायाचा खड्डा आधी बघ

नागपूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रुजू होताच शाळांच्या वर्गखोल्या तुझ्याकडे आल्या, वाचून फार आनंद झाला. ही कामं अडतात कुठे, असं विचारलंस. निधीत अडतात असं सगळे सांगतील. मला विचारशील तर निधी यायच्या आधीच ती अडलेली असतात.

अंदाजपत्रक टेबलावर बनतं. मागच्या शाळेचं उचलायचं, नव्या दरसूचीचे दर भरायचे, झालं! पण एका गावात दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तर काटोल-नरखेडच्या काळ्या रानात माती संपता संपत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की काही वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते आणि दोष सिमेंटला जातो. म्हणून तांत्रिक मान्यतेआधी खड्डा घेऊन बघ, खोली वाढत असेल तर अंदाजपत्रक तेव्हाच वाढव. कार्यारंभ आदेशानंतर सुधारित मान्यता मागितलीस की फाईल फिरत राहते आणि खड्ड्यात पाणी भरतं. सातबारा आणि जुन्या खोल्यांच्या निर्लेखनाची, म्हणजे त्या मोडीत काढण्याची, परवानगीही त्याच वेळी तपास. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, सगळा विभाग तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत गुंततो; तुझे कागद नोव्हेंबरातच पुढे गेलेले बरे.

मग उन्हाळा. शाळा रिकामी म्हणून स्लॅब मे महिन्यात पडतो, पारा ४५ च्या आसपास आणि गावाच्या विहिरीला पाणी नाही. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवा, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. राखमिश्रित सिमेंट (पीपीसी) वापरलं असेल तर १४ दिवस धर. स्लॅबवर बांध घालून पाणी साठवून ठेव, आणि टँकरची सोय स्लॅबच्या तारखेआधी कर. पाणी मारलं की नाही हे तुला नागपुरात बसून कळणार नाही. शाळेसमोर राहणाऱ्या आईला कळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालक तीन चतुर्थांश असतात. त्यांना अंदाजपत्रक वाचून दाखव, तुझा नंबर दे. आपल्या खात्यात हे फार थोडे करतात, याचं मला आजही वाईट वाटतं.

मार्चमध्ये दबाव येईल. प्लास्टर व्हायचंय, पण एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढवून टाक, नाहीतर निधी परत जाईल, असं म्हणतील. चढवू नकोस. गेलेला निधी पुन्हा मागता येतो. त्रास होतो, पण मागता येतो. बिल निघालं की कंत्राटदार तिकडे फिरकत नाही, आणि दोन इयत्ता वर्षभर एकाच खोलीत दाटीने बसतात.

तुझ्या शाळांपैकी जिथे काळी माती आहे, तिथे पावसाआधी खड्डा घे. मोजपट्टी लावून फोटो पाठव. पाया किती खोल न्यायचा ते रविवारी घरी ये, बसून ठरवू.

तुझा काका